रक्त उत्तम होतं, दादा

दादा, तू कशाने गेलास हे मला लोकांना नीट सांगता येत नाहीये.

तुझा आजार ज्यांना ठाऊक होता ते आधी गप्प होतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे त्यानेच...?" पुढचे शब्द कुणी उच्चारत नाही. मी म्हणते, नाही, त्याने काही केलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर जरा सुटका दिसते आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "मग कशाने?" इथे मी अडते. खरं उत्तर ऐकून काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही. बद्धकोष्ठाने. सांगलीहून हॅनोव्हरला यंत्रांच्या कंपनांवर डॉक्टरेट करायला आलेला माझा भाऊ चाळिशीही न बघता बद्धकोष्ठाने गेला. ज्या शब्दावर आपल्याकडे भर पंगतीत हशा पिकतो, त्या शब्दाने.

परवा ऑफिसात एकीला सांगितलं, तर तिला वाटलं माझं जर्मन चुकतंय. फार हळुवारपणे तिने मला शब्द सुचवला. "तुला आतड्याचा कॅन्सर म्हणायचंय का?" मी म्हटलं, गेनाऊ, हो, अगदी तेच. कॅन्सर म्हटलं की माणसं लगेच हात हातात घेतात. तिनेही घेतला.

तुझा हात तसा कुणी घेतला नाही. तुझ्या आजाराला फुलं घेऊन भेटायला येणारे लोक नव्हते. तू तक्रार केली नाहीस, पण मी बघत होते.

तू पहिल्यांदा आजारी पडलास तेव्हा मी पुण्यात नोकरी करत होते. फोन अनिरुद्धने केला. तुझ्या वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, तुझ्या शेजारच्या खोलीत राहणारा मुलगा, एवढीच मला त्याची ओळख. "तुमचा भाऊ हीटिंगच्या पाइपला कान लावून बसतो," तो म्हणाला. "जेवत नाही. मी दार वाजवलं की आतून सांगतो, हळू, ते ऐकतायत. तुम्ही येऊ शकाल का?" मी आले तोवर तुला क्लिनिकमध्ये दाखल केलेलं होतं. मला बघून तू हसलास आणि ओठांवर बोट ठेवलंस. "मृदे, हळू बोल. पाइपातून सगळं इन्स्टिट्यूटमध्ये जातं." मी खरंच हळू बोलायला लागले. मला दुसरं काय करावं ते कळेना.

पहिल्या गोळ्यांनी आवाज थोडे मागे हटले, पण तुझं शरीर लाकडासारखं झालं. मान एका बाजूला ओढली जायची, चमचा तोंडापर्यंत जाताना थरथरायचा, आणि पाय मात्र क्षणभर थांबायचे नाहीत. क्लिनिकच्या कॉरिडॉरमध्ये तू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचास. मी शेजारून चालायचे. एकदा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या पायांना सांग ना थांबायला," म्हणालास. "मी सांगतोय, पण ते ऐकत नाहीत." लहानपणी सायकलवरून पडून कोपर मोडलं तरी न रडलेला तू. त्या चालण्यालाही औषधाचा दुष्परिणाम म्हणून वेगळा शब्द आहे, हे मला नंतर कळलं. शब्द सापडला म्हणून पाय थांबत नाहीत.

दुसरी गोळी झाली, तिसरी झाली. एकीने तू दिवसभर झोपायचास आणि झोपेतही आवाज ऐकायचास. एकीने काहीच झालं नाही. मी पुण्यातली नोकरी सोडली, इथे सॉफ्टवेअर तपासण्याचं काम धरलं आणि आपण एका घरात राहायला लागलो. बाबा फोनवर म्हणायचे, "त्याला परत आण. इथे हवापालट होईल." आई म्हणायची, "त्याला जेवण जातंय का तेवढं सांग."

मग फ्राऊ डॉक्टर, म्हणजे आपल्या डॉक्टरबाई, आल्या. तुला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण त्या तुझ्याशी बोलल्या, माझ्याशी नाही. बारीक कापलेले पांढरे केस आणि हातात कायम पेन्सिल. त्या म्हणाल्या, "अजून एक औषध आहे. क्लोझापिन. बाकीच्यांनी फरक पडला नाही तरच आम्ही ते देतो. बहुधा उपयोग होईल. पण त्याच्याशी जपून वागावं लागतं."

जपून म्हणजे काय, ते त्यांनी शांतपणे समजावलं. हे औषध क्वचित एखाद्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपवतं. मग साधा संसर्गही जीव घेऊ शकतो. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं, पुढे दर महिन्याला, औषध चालू आहे तोवर. "ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी मला फोन. दुसऱ्या दिवशी नाही," असं म्हणून त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली. मग एका दमात बाकीचं सांगितलं. झोप येईल, वजन वाढेल, लाळ गळेल, उठताना चक्कर येईल, पोट साफ होणार नाही. आम्ही दोघांनी मान हलवली. रक्ताची भीती एवढी मोठी होती की तिच्या मागे उभं असलेलं दुसरं काही आम्हाला दिसलंच नाही.

आणि दादा, पोट साफ न होणं ही आपल्या घरात भीतीची गोष्ट कधी नव्हतीच. बाबा सकाळी पेपरमागून प्रत्येकाला विचारायचे, "झालं का पोट साफ?" तुला, मला, आईला, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना. माझ्या मैत्रिणीला विचारलं होतं तेव्हा मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नव्हते. तू त्यांची नक्कल करायचास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून. इथे हॅनोव्हरमध्येसुद्धा मी कामावर निघताना तू बाबांच्या आवाजात विचारायचास आणि आपण हसायचो. म्हणून एक दिवस तूच म्हणालास की पोट साफ होत नाहीये, तेव्हा मला ते आपल्या घरातलंच बोलणं वाटलं. बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी इसबगोल पाठवून दिलं. तू ते रोज दुधातून घ्यायला लागलास आणि विषय संपला.

पण त्या औषधाला मी नुसतं वाईट कसं म्हणू? एका सकाळी तू स्वयंपाकघरात आलास, चहा ओतून घेतलास आणि खिडकीखालच्या हीटिंगवर हात ठेवून उभा राहिलास. बराच वेळ. मी विचारलं, "काय म्हणतायत?" तू वळलास. "काहीच नाही," म्हणालास. "आज हे फक्त गरम होतंय." आणि मग आपण दोघं त्या पाइपपाशी उभे राहून वेड्यासारखे रडलो.

ती वर्षं त्या गोळीने दिली. आज जिच्यामुळे तू गेलास तिनेच तुला आधी परत आणून दिलं होतं, हे मला एका वेळी एकाच मनात ठेवता येत नाही. कधी मी तिचे आभार मानते आणि कधी तिच्या नावाने ओरडते, आणि दोन्ही वेळा मी खोटी नसते.

काय काय केलंस तू त्या वर्षांत. डॉक्टरेट सुटली ती सुटलीच, पण सायकली दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये जायला लागलास. तुझ्यासारखीच आजारातून वर येणारी माणसं होती तिथे. गेलेलं चाक तू नुसतं फिरवून, कान लावून सांगायचास कुठली तार सैल आहे. माझं आणि अनिरुद्धचं लग्न तू जमवलंस असं तू सगळ्यांना सांगायचास. "माझ्या वेडाने यांचं जमलं," असं म्हणून पाहुण्यांना गप्प करायचास. मी चिडायचे. पण खरंच होतं ते. तू आजारी पडला नसतास तर अनिरुद्धने मला फोन केला नसता. माझं घर, माझा नवरा, माझी मुलगी, सगळं तुझ्या दुखण्याच्या वाटेने माझ्याकडे आलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. एकदा तू विचारलंस, "माझ्यामुळे तुझं पुणं सुटलं, राग येतो का गं?" मी म्हटलं, "पुण्यात तरी काय ठेवलंय, पार्किंग मिळत नाही." तू हसलास आणि मी भाजी चिरायला लागले. ते खरं उत्तर नव्हतं, दादा.

किंमतही तू मोजत होतास. उशी रोज लाळेने ओली व्हायची, म्हणून तू तिच्यावर टॉवेल टाकून झोपायचास. सकाळी दहापर्यंत तुझी जीभ जड असायची. तू पाणी भरलेल्या फुग्यासारखा वाढलास. माझ्या बाळंतपणाला आई आली तेव्हा विमानतळावर तुझे गाल दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अगं बाई, काय छान बाळसं धरलंय!" तू माझ्याकडे बघून डोळा मारलास.

आपलं मोठं भांडण झालं ते या किमतीवरूनच. तू मला न सांगता गोळी बंद केली होतीस. चार-पाच दिवसांत तू परत पाइपाकडे बघायला लागलास आणि मला कळलं. मी डबी तुझ्यासमोर धरली, म्हटलं, आत्ताच्या आत्ता घे. नशीब, तू घेतली नाहीस आणि आपण फ्राऊ डॉक्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, इतके दिवस खंड पडल्यावर जुना डोस एकदम सुरू करायचा नसतो, रक्तदाब कोसळतो, झटका येऊ शकतो. परत अगदी थोड्यापासून चढवायचं. घरी येऊन बूट न काढताच म्हणालास, "मृदे, मला गणित यायचं."

"अजूनही येतं," मी म्हटलं.

"नाही. मला आठवतं की यायचं. समीकरणाची पहिली ओळ वाचतो, दुसऱ्या ओळीवर जातो, तोवर पहिली कापसात बुडालेली असते. तुम्हाला सगळ्यांना शांत दादा मिळाला. मला कोण मिळालं?"

"मग काय करायचं? परत पाइपाला कान लावून बसायचं?"

"डोस थोडा कमी करा म्हणतोय. थोडाच. तुला शांत दादा हवाय की खरा?"

मी ओरडले, "मला जिवंत दादा हवाय!"

बूट काढलेस, एकावर एक न ठेवता नीट शेजारी ठेवलेस, आणि आत गेलास. त्या भांडणाचा निकाल लागायचा राहिला. आता तो कोण लावणार?

सई झाली त्या दिवशी तू हॉस्पिटलमध्ये आलास. तू दिवसभर हाताने वळलेल्या सिगारेटी ओढायचास. आवाज होते तेव्हापासूनची सवय, आणि क्लिनिकमध्ये तर निम्मे पेशंट बाल्कनीतच उभे असायचे. तू सईला उचललंस, छातीशी धरलंस, आणि तिने नाक मुरडून शिंक दिली. तू स्वेटरची बाही हुंगलीस. हळूच तिला माझ्याकडे परत दिलंस. "हिला माझा वास येतोय," एवढंच म्हणालास.

त्यानंतर तू एकही सिगारेट ओढली नाहीस. निकोटिनच्या गोळ्या नाहीत, च्युइंगगम नाही, कुणाची मदत नाही. आम्ही कधी कुणाचं एवढं कौतुक केलं नसेल. आईने तुझी दृष्ट काढली. अनिरुद्ध म्हणाला, "दादा, मला अजून गोड सोडता येत नाही." प्राक्सिसमध्ये, म्हणजे फ्राऊ डॉक्टरांच्या दवाखान्यात, तपासणीचं रक्त द्यायला गेलास तेव्हा सुई टोचणाऱ्या बाईलाही तू अभिमानाने सांगितलंस, आणि तिने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ते मला सांगताना तू तिच्यासारख्या टाळ्या वाजवून दाखवल्यास.

सईला तुझ्याइतकं कुणी घेतलं नाही. पाळण्याशेजारी बसून तू तिला सायकलच्या गिअरचं गणित समजावायचास. "आल्झो, सईबाई," अशी जर्मन प्राध्यापकासारखी सुरुवात करायचास. ती टक लावून ऐकायची.

मग तू पेंगायला लागलास. तिला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या मान खाली पडायची. लाळ आता दिवसाही गळायची. वर्कशॉपमध्ये एकदा तोल जाऊन पडलास. आईला सांगलीला परत जावं लागलं होतं, बाबांची बायपास ठरली होती. मी बाळात, अनिरुद्ध कामात. तरीही आम्ही तुला दोनदा प्राक्सिसमध्ये नेलं, दादा. आम्ही बघत होतो. फ्राऊ डॉक्टर रजेवर होत्या, त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि खूश झाले. "ब्लुटबिल्ड एकदम उत्तम. पांढऱ्या पेशी भरपूर." झोप फार येते म्हटल्यावर ते म्हणाले, घरात लहान बाळ आहे, सगळ्यांचीच झोप मोडते. तू म्हणालास, पोट फुगतंय. ते म्हणाले, पाणी प्या, चाला. मी घरी आल्यावर बाबांना फोन केला, "रक्त उत्तम आहे." बाबा म्हणाले, "देवाची कृपा. आणि पोट?" मी म्हटलं, "तुमचं आपलं तेच."

त्या रविवारी सकाळी तू नाश्त्याला आला नाहीस. मी खोलीत गेले. तू भिंतीला टेकून बसला होतास, चेहरा राखेसारखा, पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. शेजारच्या बादलीतल्या उलटीला अन्नाचा नाही, शौचाचा वास होता. मी विचारलं, "दुखतंय का?" तू जरा विचार केलास. "दुखतंय बहुतेक," म्हणालास. बहुतेक. त्या गोळीने वेदनेलाही कापसात गुंडाळलं होतं. ॲम्ब्युलन्स आली. तुला स्ट्रेचरवरून नेताना सई रडायला लागली, तेव्हा तू मान वळवून म्हणालास, "तिला घे आधी. मी येतोच." तुझं तेच शेवटचं वाक्य. मी तिला घेतलं आणि अनिरुद्ध तुझ्याबरोबर गेला.

आतडं थांबलं होतं. कित्येक दिवसांपासून. थांबून, फुगून, शेवटी मेलं होतं आणि आतलं विष रक्तात उतरलं होतं. सर्जननी पोट उघडलं, जे कापायचं ते कापलं, पण त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, एका नर्सने यंत्राचा आवाज बंद केला. मी तुझ्या पायांवर हात ठेवून बसले होते. ते थांबले होते.

बाबांना मीच सांगितलं. अनिरुद्ध म्हणत होता, मी बोलतो, पण ते माझंच काम होतं. आधी आईचा आवाज आला, मग तो फोनपासून लांब गेला, मग फक्त बाबांचा श्वास. बायपासची जखम अजून ओली होती त्यांची. ते म्हणाले, "नक्की कशाने गं?"

"पोटाने, बाबा. पोट बंद पडलं."

मग ते म्हणाले, "पण मी तर रोज विचारत होतो." आणि पुन्हा, अगदी लहान मुलासारखं, "मृदुला, मी रोज विचारत होतो ना?"

मी म्हटलं, हो बाबा. तुम्ही एकटेच विचारत होता.

ते दोघं येऊ शकले नाहीत. डॉक्टरांनी बाबांना विमानाची परवानगी दिली नाही आणि आई त्यांना सोडून कशी येणार? इथल्या स्मशानगृहात सगळं इतकं स्वच्छ आणि शांत होतं की मला मोठ्याने रडायलाही परकं वाटलं. मंत्र अनिरुद्धने म्हटले, कागदावर बघून. वर्कशॉपमधले तुझे मित्र मागे ओळीने उभे होते, हातांना ग्रीस लागलेलं. त्यातला एकजण मला म्हणाला, "तो माझं बोलणं पूर्ण ऐकायचा. कितीही वेळ लागला तरी." एवढं बोलायलाच त्याला बराच वेळ लागला.

मग फ्राऊ डॉक्टर घरी आल्या. न कळवता, एकट्या. कोट न काढताच बसल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्याने सिगारेट सोडली होती का?"

मी म्हटलं, हो. सई झाली त्या दिवशी.

त्यांनी डोळे मिटले. मग सांगितलं. सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध भराभर जाळून टाकतं. निकोटिनने नाही, धुराने. जो माणूस दिवसभर ओढतो त्याला म्हणून जास्त डोस लागतो. तो ओढायचा थांबला की यकृत सावकाश होतं, आणि तोच डोस, तीच गोळी, अंगात दीडपट-दुप्पट साठायला लागते. झोप, लाळ, तोल जाणं, आतडं मंदावणं, सगळं त्यातूनच. अशा वेळी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासून डोस कमी करायचा असतो. पांढऱ्या पेशींच्या तपासणीत ते दिसत नाही. आणि इसबगोल? त्या म्हणाल्या, आतडं हलत असेल तर त्याचा उपयोग. जे आतडंच झोपलंय त्यात भुसा नुसता साचत जातो. त्याला दुसरी औषधं लागतात, ती पहिल्या दिवसापासून द्यायला हवीत.

"मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी. पोटाबद्दल आणि सिगारेटबद्दल. मी रक्ताबद्दल विचारत राहिले."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मनात सगळी वाक्यं जर्मनमध्ये जुळवून ठेवली होती, व्याकरणासकट. पण त्या नेहमीची पेन्सिल दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. मी चहा केला. त्यांनी तो प्यायला नाही. दारात त्या म्हणाल्या, "त्याला डोस कमी हवा होता. त्याने मला बऱ्याचदा सांगितलं होतं. मला वाटायचं, आजार परत येईल."

मलाही तसंच वाटायचं, दादा. तू थोडाच कमी करा म्हणत होतास. आणि शेवटी तुला थोडंच कमी लागत होतं. एका बाळाला जवळ घेण्यासाठी तू जन्मातली सगळ्यात चांगली गोष्ट केलीस, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कुठे डोकं आपटू? जगात इतकी माणसं वाईट वागून जगतात. तू सिगारेट ओढत राहिला असतास तर आज खोकत का होईना, बाल्कनीत उभा असतास. हे मी सईला मोठेपणी कुठल्या भाषेत सांगू? सांगू तरी का?

लोक म्हणतात, वेळ जाऊ दे. वेळ जातोय. काही होत नाही.

गेल्या आठवड्यात मी पेशंटच्या घरच्यांच्या गटात गेले. तुला माहीत आहे तो, चर्चच्या तळमजल्यावर जमणारा. आता माझं तिथे काही काम नव्हतं, निरोप घ्यायला म्हणून गेले. माझ्या शेजारी एक आई बसली होती, लालसर केसांची, नवीन. तिची मुलगी तुझ्याच गोळीवर होती. ती सगळ्यांना आनंदाने सांगत होती, मुलगी आता खूप शांत आहे, जरा जास्तच झोपते, आणि विशेष म्हणजे महिनाभरापूर्वी तिने सिगारेट सोडली. गटाने टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. मग विचारलं, "तिचं पोट साफ होतं का?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊन, भराभर, चुकीच्या व्याकरणात. ती आई पांढरी पडली आणि पर्स उचलून तशीच निघाली.

आज तिचा फोन आला. मुलीला वेळेत हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. आतडं मंदावलं होतं, औषधाचं प्रमाण भलतंच वाढलेलं निघालं. डोस उतरवला, पोटाची औषधं दिली. आज ती घरी आली, स्वतःच्या पायांनी जिना चढून. ती बाई रडत होती, थांबत होती, पुन्हा आभार मानत होती. म्हणाली, "तुमच्या भावामुळे माझी मुलगी वाचली." मी जे बोलायचं असतं ते बोलले. तिची काळजी घ्या म्हटलं. फोन ठेवला.

मला आनंद झाला नाही, दादा. मी जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ उठले नाही. तू असतास तर तुला झाला असता, तू तसाच होतास. मला ती मुलगी वाचायला नको होती असं नाही. पण मला तिची मुलगी नको होती. मला तू हवा होतास.